मधल्या स्पीकरची जागा

९ नोव्हेंबर, रविवार

कापसाच्या खोलीचं कुलूप आज उघडलं. पंधरा महिन्यांनी. नितीन सकाळच्या बसने नागपूरहून आला. म्हणे, "आई, बाबांनी सिनेमाचं इतकं सामान जमवलं अन् आपण त्यावर चादर टाकून बसलो. लावू आता." वर्षश्राद्ध होऊन तीन महिने झाले. नाही म्हणायला काही कारण उरलं नव्हतं.

प्रोजेक्टर लागला. ह्यांनी स्वतः रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीवर माणसांची हातभर तोंडं. डावा-उजवा स्पीकर ह्यांनीच बसवून ठेवलेले. गाणं वाजलं, दार आपटलं, घोडा धावला. मग माणसं बोलायला लागली आणि मला काहीच ऐकू येईना. नुसते ओठ हलत होते. वाटलं, संपलं, उजवा कानही गेला. चेहरा हसरा ठेवून बसून राहिले.

थोड्या वेळाने नि. म्हणाला, "आई, बोलणं येऊनच नाही राहिलं. तुला येतं का?"

"नाही बाप्पा!" मी इतक्या आनंदाने म्हटलं की तो माझ्याकडे पाहतच राहिला.

मग उलगडा झाला. ह्यांनी अ‍ॅम्पमध्ये मधला स्पीकर आहे असं भरून ठेवलं आहे. माणसांचं सगळं बोलणं मधल्याकडे जातं, आणि तो मधला अजून खोक्यात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते.

डावा कान सात-आठ वर्षांपासून कामाचा नाही. उजवा मंद होत चालला. समोरच्याचे ओठ पाहून मी निभावून नेते. सगळे हसले की हसते. ह्यांनाही कधी कळू दिलं नाही. लाज वाटायची. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन घरीच शिकले, ह्यांची वायरिंगची हिंदी पुस्तकं पडलेली असत ती भात शिजेपर्यंत वाचायची. मग वाचनालय लावलं. आधीच कमी शिकलेली, त्यात बहिरी, असं कोणी म्हणू नये.

ह्यांच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम पांढुर्ण्याला झाला. तीन वर्षं झाली. बिजली ऑफिसचे सगळे होते. भाषणात हे माझ्याकडे हात करून काहीतरी म्हणाले. सगळा हॉल वळून माझ्याकडे पाहायला लागला आणि हसला, टाळ्या पडल्या. मीही हसले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. घरी आल्यावर विचारायला हवं होतं. विचारते कशी?

भाषणाचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये आहे. टीव्हीवर चारदा लावून पाहिला. हॉलचा घुमारा, पंख्यांची घरघर, आणि ह्यांच्या तोंडासमोर माइक, म्हणजे ओठही दिसत नाहीत.

हे गेल्यावर दोघांना आडून विचारलं. नणंद वच्छलाबाई म्हणाल्या, "तुझ्या हातच्या पाटोड्यांचं काहीतरी म्हणला होता." ह्यांचे ऑफिसातले मित्र देवरावभाऊजी म्हणाले, "तुम्ही फार वाचता, असं." मग आणखी म्हणतात, "तुम्हीच तं सगळ्यात जास्त हसल्या होत्या, वहिनी!"

दोन माणसं, दोन उत्तरं. मला माझ्या कानाने ऐकायचं आहे. बोलणं जर खरंच मधल्या स्पीकरमधून येत असेल तर तो नीट बसला पाहिजे. बस, एवढंच.

१६ नोव्हेंबर, रविवार

खोकं उघडलं. लांबट काळी पेटी, लहान लेकराच्या पाळण्याएवढी, वजन चांगलंच.

अडचण अशी की ह्यांनी मधल्या स्पीकरची तार भिंतीतून काढली आहे ती ऐन चित्राच्या मध्यात. तारेला कागदाची पट्टी, त्यावर ह्यांच्या अक्षरात "मधला". तिथे स्पीकर ठेवला तर नटनटीच्या छातीवर पेटी.

नि. म्हणाला, "बाबांचं माप चुकलं."

मी म्हटलं, "बत्तीस वर्षं तारा ओढल्या त्यांनी. एक खांब वाकडा नाही लागला."

"आई, खांब वेगळा अन् हे वेगळं."

तारेला जोड देऊन पेटी खाली पाटावर ठेवली. बोलणं आलं! पण माणूस बोलतो भिंतीवर आणि आवाज येतो पायाजवळून. जसा कोणी दिवाणाखाली लपून बोलतोय. नि. हसून हसून पडला. पाटावरची धूळही थरथरत होती.

पेनड्राइव्ह त्याच्यासमोर काढला नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

स्पीकरसोबतचं पुस्तक वाचलं. हिंदी पानं चारच, पण चांगली आहेत. पेटीचं तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे पाहिजे, शक्यतो कानाच्या उंचीवर. चित्राच्या जितकी जवळ तितकं बरं. कपाटात खोल ढकलू नये.

दोरी धरून माझा कान मोजला, दिवाणावर बसून. मग तीच दोरी भिंतीला लावली. ह्यांची तार बरोबर तेवढ्याच उंचीवर निघते.

हे चुकले नाहीत. पण मग चित्राच्या मध्ये का?

२० नोव्हेंबर, गुरुवार

वच्छलाबाई रामाकोन्याहून आल्या, कापूस वेचणीतून एक दिवस काढून. आल्या आल्या खोलीत. "माय वो, भावाचं थिएटर! अन् पाह्यले मीच नाही?"

त्यांच्या सांगण्यावरून पेटी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. कोनाडा चित्राच्या बाजूला, जुना, पूर्वी तिथे कंदील असायचा. पुस्तकात नको लिहिलं होतं, पण बाईंना कोण सांगणार. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज. नायिका लाडात काही म्हणाली तर बाई दचकल्या. "हे पोरगी हाय का राक्षसीण?"

त्या गेल्यावर ह्यांचं टेस्टर काढून तारा मीच सोडवल्या. टेस्टर देवघरात ठेवते, कुंकवाच्या डबीमागे. हे असते तर रागावले असते, आधी प्लग काढ म्हणून. काढला होता.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज वर. नि.ने चित्राच्या वर फळी ठोकली, पेटी तिरपी करून खाली पाहती ठेवली. आवाज स्वच्छ, पण छतातून. हीरो आईशी बोलतो आणि वाटतं आकाशवाणी झाली. मी हात जोडले. नि. म्हणाला, "थट्टा नको करू, मान मोडली माझी."

मग त्याने उपाय काढला. मधला नाहीच असं अ‍ॅम्पला सांगायचं, म्हणजे बोलणं डाव्या-उजव्या दोन्हीतून येतं आणि मधूनच आल्यासारखं वाटतं. केलं. त्याला वाटलं मधून येतं. मला सगळं उजवीकडून. डावा कान तर नाहीच. मान वळवत राहिले.

"मस्त झालं ना? काम खतम."

"नाही, मधला पाहिजे."

"का पण?"

काय सांगू? म्हटलं, "त्यांनी पट्टीवर लिहिलं आहे."

तो चिडला. "आई, असं हट्टाने नाही होत. दर रविवारी येऊन राहिलो मी. ऐकू येऊन राहिलं ना तुला?"

"येतं," मी म्हटलं.

तो न जेवता निघत होता. डबा हातात दिला. घेतला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ढगाळ. गोधडी धुतली ती कापसाच्या खोलीत वाळत घातली. त्या खोलीच्या छताला दोन हुक आहेत, भिंतीपासून दीड हातावर. हे म्हणाले होते राहू दे, काम पडेल. हे असताना मी पावसाळाभर त्यांना दोरी बांधून कपडे वाळवायची.

गोधडी टाकली आणि दोन पावलं मागे आले. समोर भिंत नाही, गोधडी. गोधडीमागे दीड हात मोकळी जागा. त्या जागेत, ऐन मध्यात, तार.

गोधडी हाताने वर-खाली करून पाहिली.

मोहगावच्या जत्रेत लहानपणी तंबूतला सिनेमा यायचा. तिकीट नसलं की आम्ही मागून जायचो, पडद्याच्या पाठीमागे. तिथून चित्र उलटं दिसायचं, आणि पडद्यामागे स्टुलावर मोठं भोंग्याचं खोकं. आवाज त्यातून, कापडाच्या आरपार. पुढे बसलेल्यांना वाटायचं माणूसच बोलतो. ही गोष्ट मीच ह्यांना कितीदा सांगितली होती!

भिंत हा पडदा नव्हताच. तिच्यापुढे कापड लागायचं होतं.

आणखी आठवलं. एकदा ह्यांनी मला स्वयंपाकातून उठवून दिवाणावर बसवलं होतं. "उगी बस दोन मिनिटं." हाताला पीठ तसंच. टेपने काहीतरी मोजलं, भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली. मी म्हटलं, पोळी करपते. म्हणाले, "करपू दे."

आज जाऊन पाहिलं. तारेशेजारी रेघ आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नि.ला फोन केला. सगळं सांगितलं, हुक, तार, तंबू. त्याने हुकांचं अंतर पुन्हा विचारलं. मग, "बाबा बराबर होते."

"मी काय म्हणत होते!"

"हो ना माय, तू जिंकली."

२९ नोव्हेंबर, शनिवार

कापड घ्यायला गेले. शनिवार, जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांची गर्दी, रिक्षा मिळेना, पायीच. दुकानदाराने मांजरपाट काढलं, मग मलमल. मी एकेक कापड तोंडासमोर धरून बोलून पाहत होते. दुकानदार म्हणाला, "काकू, काय करून राहिल्या?" म्हटलं, "आवाज जातो का पाहते." त्याने नोकराकडे पाहिलं. मी बारीक मांजरपाट घेतलं, मोठ्या पन्ह्याचं, जोड न देता.

मिस्त्रीकडून चौकट. "खिडकीची का?" "सिनेमाची." काही न विचारता माप लिहिलं.

पेटीखाली काय ठेवावं? अंगणात संत्र्यांचं लाकडी खोकं होतं, उभं केलं तर उंची तंतोतंत. पण पोकळ, बोलणं आत घुमतं. वच्छलाबाईंना फोन. "थांब, पाठवते." दुपारी रामाकोन्याच्या जीपमधून पोतंभर कापूस आला, त्यांच्या वावरातला. खोक्यात ठासून भरला. वाजवून पाहिलं, ठक्क. घुमणं गेलं.

३ डिसेंबर, बुधवार

माझी चूक लिहून ठेवायलाच हवी.

कापडाला घड्यांच्या रेघा होत्या. चित्रावर सुरकुत्या नकोत म्हणून काल धुतलं आणि भाताच्या पेजेची कडक खळ दिली. ह्यांच्या धोतराला द्यायची तशी. उन्हात ताणून वाळवलं, इस्त्री केली, चौकटीला ठोकून छताच्या हुकांना टांगलं. पत्र्यासारखं कडक, चांदण्यासारखं पांढरं. चित्र असं उठलं की मी एकटीच वाहवा म्हणाले.

आणि बोलणं? तोंडात पदर कोंबून बोलल्यासारखं. स, श, च सगळे गायब. मला वाटलं कान. उठून कापडाच्या मागे गेले, तिथे स्वच्छ! पुढे आले, गुदमरलेलं. मागे-पुढे दहा फेऱ्या झाल्या.

नि.ला फोन.

"आई, कापडाला काही लावलं का?"

"खळ दिली."

"काय दिली?"

"खळ. पेजेची."

"पडद्याला खळ?" पलीकडे ऑफिसातले लोकही हसले असावेत. "आई, सगळी भोकं बुजली त्याची!"

ठोकलेले खिळे काढले. तीन पाण्यांतून कापड काढलं. ओलंच चौकटीवर ताणून ठोकलं, म्हणजे वाळताना आपोआप ताठ बसेल. वाचलेलं नाही, खाटेची सुंभं आपण ओली ओढतो तसंच.

५ डिसेंबर, शुक्रवार

कापड वाळलं, ढोलकीसारखं ताणलं. पण उजेड आरपार जाऊन मागच्या पांढऱ्या भिंतीवर दुसरं चित्र पडतं, प्रत्येकाला दोन नाकं.

मागे काळं हवं. ट्रंकेतून काळी साडी काढली, ह्यांनी शेवटच्या संक्रांतीला आणलेली. मऊ सुती, एकदाच नेसलेली. नेसणार नव्हते आणि कोणाला देणारही नव्हते. कापडाच्या मागे, पेटीचं तोंड मोकळं ठेवून सोडली. दुसरं नाक गेलं.

बरी जागा मिळाली तिला.

७ डिसेंबर, रविवार

झालं!!

नि. आला, वच्छलाबाई आल्या, शेजारच्या चौघी. नि.ने पेटीचं तोंड अंगठ्याएवढं वर उचललं, खाली रबराचा तुकडा दिला. अ‍ॅम्पमध्ये मधला "हो".

पडद्यावर एक म्हातारा खाटेवर बसून सुनेला काही सांगत होता. त्याच्या तोंडातून आवाज आला. तोंडातूनच! पायातून नाही, छतातून नाही. मी ओठ पाहणं विसरले. थोड्या वेळाने लक्षात आलं की मी डोळे मिटून ऐकते आहे.

वच्छलाबाई पहिला अर्धा तास, "माय वो, धुण्याच्या दोरीवर सिनेमा!" मग रडल्या. मग नायकाच्या सासूला शिव्या दिल्या. शेवटी म्हणाल्या, "माह्या कापसावर उभा हाय तो स्पीकर, ध्यानात ठेवजा सगळ्या."

एका विनोदावर मी हसले. नि.ने वळून माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. मग तोही हसला.

सगळ्यांसाठी चिवडा केला होता, एक दाणा उरला नाही. फार दिवसांनी ह्या घरात इतका गोंगाट झाला.

९ डिसेंबर, मंगळवार

दुपारी एकटी. खिडकीला पोतं लावलं, आतून कडी नाही म्हणून दाराला खुर्ची. पेनड्राइव्ह.

हे आले. पांढरा शर्ट, खिशात टेस्टर, त्या दिवशीसुद्धा. पुऱ्या माणसाएवढे, माझ्यापासून चार पावलांवर. आणि बोलले.

आवाज. ह्यांचाच, खाकरून सुरुवात करण्याची सवय. हॉलचा घुमारा दोन्ही बाजूंना राहिला, पंख्यांची घरघर तिकडेच, आणि मधून फक्त हे. थांबवलं. पाणी प्यायले. पुन्हा लावलं.

शब्द जसे आहेत तसे लिहिते. पाच वेळा ऐकून लिहिले.

"ते पहा, तिसऱ्या रांगेत आमच्या मंडळी बसल्या. हसून राहिल्या. मतलब त्यांना ऐकू नाही आलं."

इथे पहिलं हसू.

"हसा नका बाप्पा. लोक हसले की ती एक घडी मागून हसते. चार वर्षं झाले, मी पाहून राहिलो. तिनं मले सांगितलं नाही, तं म्या बी तिले विचारलं नाही. तिचा मान हाय तो. आता रिटायर झालो. कापसाची खोली खाली करतो, तिथं असं काही बसवतो का तिले एक एक शब्द ऐकू यावा. पण तिले कोणी सांगू नका. मी जमवून दाखवीन."

इथे सगळे वळून माझ्याकडे पाहतात. कॅमेराही वळतो. तिसऱ्या रांगेत मी, हिरवी साडी. सगळ्यांचं हसून होत आलं आहे आणि मी आता हसायला लागते. एक घडी मागून. जशी सांगितली तशी.

मग टाळ्या.

रडले. पण जास्त हसू येत होतं. प्रोजेक्टर आणला तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते ह्यांच्याशी. म्हातारपणी सिनेमाचं खूळ, म्हटलं होतं. हे फक्त म्हणाले, "हाय खूळ."

११ डिसेंबर, गुरुवार

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पांढुर्ण्याचं अख्खं ऑफिस, वच्छलाबाई, देवरावभाऊजी. पाटोड्या आणि वाचन, दोन्ही जागच्या जागी रचलेलं! ह्यांनी सांगू नका म्हटलं आणि तीन वर्षं एकानेही तोंड उघडलं नाही. वच्छलाबाईंनीसुद्धा. ज्यांच्या पोटात चहासुद्धा शांत बसत नाही.

आठवून पाहिलं. भाऊजी नेहमी माझ्या उजव्या बाजूला येऊन बसतात. बाई समोर येऊन, तोंड दाखवून बोलतात. मी समजत होते, मी निभावून नेते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

देवरावभाऊजी आले. सावनेरला जात होते म्हणे, वाटेत उतरले. चहा घेतला. उजवीकडेच बसले.

"नितीन सांगत होता, स्पीकर एकदम बराबर बसला म्हणून."

"बसला."

"मतलब बोलणं साफ येते?"

"साफ."

कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, रिकामाच. "तो रिटायरमेंटचा व्हिडिओ... लावून पाहिला का, वहिनी?"

"नाही अजून," मी म्हटलं. का म्हटलं, मलाही कळलं नाही. "एकटीने काय पाहायचा. रविवारी या, सगळे मिळून पाहू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग इतके मोकळे हसले की मला वाटलं ओळखलं. "येतो ना. ऑफिसचे दोन-तीन जण आणू का?"

"आणा. चिवडा जास्त करते."

१४ डिसेंबर, रविवार, सकाळ

तीन वाजता सगळे येणार. वच्छलाबाई कालच आल्या, सकाळपासून माझ्याभोवती घुटमळतात, काही विचारत नाहीत. नि. बसमध्ये आहे, दोनदा फोन झाला. "आई, मी आल्याशिवाय लावू नको." तोही त्या दिवशी हॉलमध्ये होता, मागे, दाराजवळ. व्हिडिओत दिसतो.

पडद्यावरची धूळ झटकली. पेटीखालचं रबर जागेवर आहे. मागची काळी साडी सरळ केली. दिवाणावर बसून पाहिलं, कान आणि पेन्सिलची रेघ एका ओळीत.

कानाच्या डॉक्टरकडे जायचं मनात आहे, नि.ला अजून बोलले नाही. आज बोलेन किंवा आजच्यानंतर बोलायची गरजच राहणार नाही.

ते वाक्य येईल तेव्हा सगळे पडदा सोडून माझ्याकडे पाहतील, हे पक्कं. खोलीत बारा-तेरा जण आणि सगळ्यांनी श्वास धरलेला. तेव्हा त्यांच्याबरोबर हसायचं, की ह्यांचं म्हणणं राखायला एक घडी मागून, ते अजून ठरलेलं नाही.

चिवड्याला फोडणी द्यायची आहे. बाई हाका मारून राहिल्या. ऐकू येतं आहे.